कंडी आणि तिचे पंडित

बाजारात कंडी पिकली म्हणजे ती कोणी पिकवली हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. ऐकणारा ऐकतो, डोळे मोठे करतो, ‘काय सांगता!’ म्हणतो आणि घरी पोहोचेपर्यंत तीत आपल्या पदरचे तिखटमीठ घालून मोकळा होतो. पराचा कावळा करणे, राईचा पर्वत करणे, ध चा मा करणे, इतके वाक्प्रचार ज्या भाषेने या एकाच उद्योगासाठी राखून ठेवले, त्या भाषेतल्या माणसांना अफवा म्हणजे काय ते परमुलखातल्या प्रोफेसरांनी समजावून सांगावे, हे थोडे गमतीचे वाटेल. त्यातून ‘ध चा मा’ची गंमत तर औरच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाच्या अभ्यासकांना या गोष्टीविषयी शंका आहे. म्हणजे संदेशात अक्षर बदलल्याची आपली सर्वांत प्रसिद्ध हकीकत ही स्वतःच एक कंडी असण्याचा संभव आहे. आणि अडीचशे वर्षे आपण ती बिनतक्रार पुढे पाठवीत आलो आहोत.

हल्ली विद्यापीठांतून या कंडीचे शास्त्र झाले आहे. ज्या विभागांत ते शिकवतात त्यांना आपल्याकडे ‘वृत्तपत्रविद्या आणि जनसंज्ञापन’ असे भारदस्त नाव आहे. जनसंज्ञापन हा शब्द ज्या जनांविषयी आहे, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना तो एका दमात उच्चारता येईल. पण ते असो. गेल्या सातआठ वर्षांत या विषयावर जे संशोधन झाले, त्यातले हाती लागले तेवढे मी चिकाटीने वाचले. मी शाळामास्तर, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, पदवीचा शिक्का अंगावर नाही. पंडितांच्या सभेत बसण्याचा अधिकार त्यामुळे मला नाही. पण दोन कारणांनी या मंडळींशी माझे नाते पोहोचते. ते ज्या मालाची तपासणी करतात तो माल, म्हणजे रचलेली गोष्ट, माझ्याच दुकानातला आहे. आणि दुसरे असे, की यांच्यापैकी बहुतेकजण शेवटच्या पानावर ‘यावर उपाय शिक्षण’ असे लिहून पेन खाली ठेवतात. म्हणजे ओझे फिरून आमच्याच डोक्यावर येते. तो उपाय खरोखर लागू पडतो काय, एवढे विचारण्याचा हक्क मास्तराला असावा.

या साऱ्या लेखनात ज्याचा गवगवा सर्वांत अधिक झाला तो निबंध अवघा सहा पानांचा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सोरूश वोसूघी, देब रॉय आणि सिनान अरल या तिघांनी तो लिहिला आणि मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने छापला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या बातम्यांच्या सुमारे १,२६,००० साखळ्या त्यांनी तपासल्या. सुमारे ३० लाख माणसांनी त्या ४५ लाखांहून अधिक वेळा पुढे पाठवल्या होत्या. कोणती बातमी खरी नि कोणती खोटी हे त्यांनी स्वतः ठरवले नाही. बातम्यांची शहानिशा करणाऱ्या सहा संस्थांचा निवाडा मानला. निष्कर्ष असा निघाला, की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याचा संभव खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक. आणि १,५०० माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागतो.

हे वाचून कोणी म्हणेल, की यंत्रांची करणी असेल. हल्ली माणसाच्या नावाने संदेश पाठवणारे यांत्रिक पिशाच्चही निघाले आहे. तेही त्यांनी वगळून पाहिले. यंत्रे खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच इमानाने पसरवतात. खोट्याकडे कल असतो तो हाडामांसाच्या माणसांचा. का? तर खोटी बातमी नवी असते. लोकांनी दिलेल्या उत्तरांतले शब्द तपासता खोट्या बातमीवर विस्मय, किळस आणि भीती अधिक दिसली. खरीवर दुःख, अपेक्षा, आनंद, विश्वास. कादंबरीकाराला हे वाचून हसू येते. पहिल्या प्रकरणात विस्मय आणि भय नसेल तर वाचक दुसऱ्या प्रकरणाला पान उलटत नाही, हे कोणत्याही प्रकाशकाने त्यांना फुकट सांगितले असते. तरीही मी या निबंधाला मोठा मान देतो. आपण ठोकताळ्याने म्हणत होतो ते त्यांनी मोजून दाखवले, आणि दोष यंत्रावर ढकलून पळून जाण्याची वाट बंद केली.

मात्र एक गोष्ट निबंधाच्या मुळातच आहे. ज्या बातमीविषयी वाद झाला तीच शहानिशा करणाऱ्यांकडे जाते. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही बातमी कोणी तपासायला नेत नाही. ती खरी असते, गल्लीभर पसरते आणि घरोघर पिंपे भरली जातात. अशा साध्यासुध्या खऱ्या बातमीचा वेग या तागडीत तोललाच गेला नाही. शिवाय ट्विटर हा उघडा चव्हाटा. आपल्याकडची कंडी चव्हाट्यावर पिकत नाही, ती माजघरात पिकते. २१ सप्टेंबर १९९५ ची आठवण पुष्कळांना असेल. गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर, आणि देशाबाहेरच्या देवळांतही पोहोचली. तिचे खरेखोटे करण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की तेव्हा कोणाच्या खिशात आजच्यासारखा फोन नव्हता. मावशीने आत्याला, आत्याने शेजारणीला घरच्या टेलिफोनवरून सांगितले, आणि दुपारपर्यंत दूध मिळेनासे झाले. मावशी आणि आत्या यांच्यामधला हा धागा सहा पानांच्या निबंधात कुठेच येत नाही. किती, किती लवकर, किती दूर याची उत्तरे तेथे आहेत. कोणी कोणाला आणि का सांगितले, याचे नाही.

‘का’ शोधण्यासाठी मला मागे जावे लागले, आणि उत्तर सापडले ते आपल्याच देशात. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांच्या तोंडी ज्या अफवा होत्या त्या जमुना प्रसाद नावाच्या अभ्यासकाने गोळा केल्या आणि १९३५ साली एका ब्रिटिश मानसशास्त्रीय नियतकालिकात त्यांवर निबंध लिहिला. त्या अफवांचा नमुना पाहा: पाटण्यावर मोठे वादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी याहून भयंकर भूकंप होणार, नदीचा लोंढा शहरावर चालून येत आहे. धक्का तर बसून गेला होता. मग भ्यालेल्या माणसांनी एकमेकांना धीर द्यावयाचा सोडून आणखी भीती का वाटावी?

हा प्रश्न अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाला इतका छळू लागला, की १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या गाजलेल्या ग्रंथाचा उगम त्यातूनच झाला. त्याचे म्हणणे असे: ज्या मुलखात जमीन हादरली पण घरे पडली नाहीत, तेथल्या माणसांच्या पोटात भीती तर शिरली होती, आणि डोळ्यांपुढे तिचे कारण नव्हते. कारणावाचून भिणे माणसाला सोसत नाही. मग तो अशी बातमी शोधतो, की जिच्यामुळे आपले भिणे शहाणपणाचे ठरेल. अफवेने भीती उत्पन्न केली नाही. भीती आधी आली आणि तिने अफवा मागवून घेतली. याच्या उलट दाखला दुर्गानंद सिन्हा यांच्या अभ्यासात आहे. दार्जिलिंगला दरडी कोसळून प्रत्यक्ष घरेदारे गेली, तेथे आणखी मोठ्या संकटाच्या अशा कंड्या पिकल्या नाहीत. त्यांचा निबंध १९५२ चा. दुःख डोळ्यांसमोर पडलेले असताना ते बनवण्याची गरज कोणाला असते?

सत्तर ते नव्वद वर्षांपूर्वीच्या या दोन निबंधांत ना लाखांचे आकडे, ना यंत्रे. भूकंपानंतर कान देऊन फिरलेला एक अभ्यासक आहे. तरी मला विचाराल तर अलीकडच्या शंभर निबंधांपेक्षा त्यांनी माणूस अधिक पाहिला. नव्या मंडळींना जमुना प्रसादांचे नाव क्वचितच आठवते, ही माझी पहिली तक्रार. आपल्या विद्यापीठांनाही ते आठवत नाही, ही दुसरी. आणि ती अधिक मोठी आहे.

आता एक अशी गोष्ट सांगावयाची आहे, की जी दिवाळीच्या अंकात सांगू नये असे क्षणभर वाटले. पण ती टाळून या विषयावर लिहिणे हे खोटे ठरेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती सोलापूरकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसे होती. गावोगाव फिरून भिक्षेवर पोट भरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी कंडी त्या भागात पिकली होती, आणि तिचे वाहन होते व्हॉट्सॲप.

त्या वर्षी देशभर मुले पळवणाऱ्यांच्या चित्रफिती फिरत होत्या. त्यांतल्या एकीत मोटारसायकलवरून दोघेजण येतात, गल्लीत खेळणारे पोर उचलतात आणि पसार होतात. ती चित्रफीत मूळची कराचीतली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी ती काढली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि मूल पळवायला क्षणही लागत नाही अशा अर्थाची पाटी दाखवतात. आपल्याकडे फिरली ती शेवट कापलेली. कोणी तरी गोष्टीचे शेवटचे पान फाडले आणि उरलेली गोष्ट देशाला वाचायला दिली. चाळीस अक्षरांच्या थापेपेक्षा ही चलाखी मला अधिक भयंकर वाटते. तीत दिसते ते सारे घडलेलेच आहे. खोटे आहे ते फक्त थांबण्याचे ठिकाण.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपच्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ते जगभर लागू झाले. संशोधकांना पैसेही दिले. त्या पैशातून झालेला एक अभ्यास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शकुंतला बानाजी आणि राम भट यांचा आहे. तो २०१९ साली बाहेर आला. कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या राज्यांत फिरून, माणसांशी बोलून त्यांनी तो लिहिला. ज्याचे खावे मीठ त्याचेच गोडवे गावे, असे मात्र त्यांनी केले नाही. कंपनीला आणि सरकारला दोघांनाही त्यांनी कानपिचक्या दिल्या आहेत.

या अभ्यासाने एक गोड समजूत मोडली. आपण शिकलेली माणसे असे धरून चाललो होतो, की बिचारे अडाणी लोक नव्या यंत्राला भुलतात. त्यांना साक्षर केले की झाले. बानाजी आणि भट यांचे म्हणणे याच्या नेमके विरुद्ध आहे. द्वेषाचे आणि संशयाचे संदेश हिरीरीने पुढे धाडणाऱ्यांत यंत्र उत्तम चालवता येणारी, सुस्थितीतली, वरच्या नि मधल्या जातींतली पुरुषमंडळी पुष्कळ आहेत. मुळाशी अज्ञान कमी आणि पूर्वग्रह जास्त. मुसलमान, दलित, आदिवासी, वाटेवरचा परका यांच्याविषयी मनात जे आधीच पेरलेले असते, त्याला बातमी म्हणजे फक्त पाऊस. ‘माध्यम-साक्षरता’ हा शब्द या विषयात हल्ली फार मिरवतो. पण साक्षर शब्द उलट वाचला तर काय होते, हा जुना विनोद आपल्या पूर्वजांनी उगीच केलेला नाही.

या ठिकाणी हे पुस्तक, पुस्तक नव्हे, अहवाल, जमुना प्रसादांच्या निबंधाला येऊन मिळतो. राईनपाड्यात भीती होती. भटक्या माणसाविषयीचा संशय तर शतकांचा. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून भटक्यांतल्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा स्वातंत्र्यानंतर गेला. गावच्या वेशीवरली नजर गेली नाही. चित्रफितीने तिला कारण पुरवले. लंडनच्या अहवालात माणसे आहेत, त्यांचे बोलणे आहे, म्हणून मी तो मोजणाऱ्यांच्या निबंधांहून वरचा मानतो. भाषा मात्र बोजड. काही वाक्ये तर तीन वेळा वाचली तेव्हा कुठे कर्ता सापडला. आमच्या शाळेत इतके लांब वाक्य लिहिणाऱ्या पोराला मी दोन वाक्ये करून आणायला परत पाठवले असते.

मधल्या आणखी दोन अभ्यासांचा चटकन उल्लेख करतो. अँड्र्यू गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीत ६५ वर्षांवरच्या माणसांनी खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरचा मजकूर फेसबुकवर सर्वांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट पाठवला. हा आकडा हाती लागताच आपल्याकडच्या नातवंडांनी आजोबांवर तोंडसुख घेऊ नये. त्याच अभ्यासात असेही आहे, की नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी असा एकही मजकूर पाठवला नव्हता. शिवाय ती अमेरिका. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजोबा सकाळी सहाला सुप्रभात पाठवतात, आणि त्याच्या पाठोपाठ कडुलिंबाच्या पाल्याने मधुमेह जातो असे पाठवतात, ते निवडणुकीसाठी नव्हे. मी आहे, उठलो आहे, तुमची काळजी करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि सून त्याला खाली दोन हात जोडते, तेही पाला पटला म्हणून नव्हे.

दुसरा अभ्यास गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि इतरांचा, २०२१ चा. माणसाला ‘हे खरे का?’ असे विचारले तर तो बरे उत्तर देतो. पण ‘हे पाठवशील का?’ म्हटले की खरेपणाचा विचार त्याच्या मनातच येत नाही. त्यांनी ट्विटरवरच्या पाच हजारांहून अधिक माणसांना एकेका मथळ्याचा खरेपणा पारखायला सांगितला, तर त्यानंतर त्या माणसांनी पाठवलेल्या बातम्यांची प्रत थोडी सुधारली. थोडीच, पण एका प्रश्नाने एवढे होत असेल तर तो प्रश्न फुकटात पडला.

आता शिक्षणाकडे येतो. येथे मुख्य काम केले आहे ते सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी, आणि पुन्हा बिहारातच. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी गया जिल्ह्यात १,२२४ माणसांवर त्यांनी प्रयोग केला. काही घरी माणसे पाठवून, समोर बसून, सुमारे तासभर बातमी कशी पारखावी हे शिकवले. काही घरी शिकवले नाही. मग दोहोंची परीक्षा घेतली. सरासरीने पाहता शिकवल्याचा काहीही परिणाम दिसला नाही. उलट सत्तारूढ पक्षाशी जवळीक सांगणाऱ्यांमध्ये, आपल्या बाजूची खोटी बातमी ओळखण्याची शक्ती शिकवल्यावर कमी झाली!

हा निष्कर्ष मी शांतपणे वाचला असे म्हणणार नाही. २०२१ साली तो अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘शिकवून उपयोग नाही’ असा लावला. मला विचाराल तर त्यातून निघते ते एवढेच, की तासाभराने उपयोग नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी तासभर शिकवून अपूर्णांक कोणाला येतात? आणि मतदानाच्या तोंडावर, पक्षाचा झेंडा दारावर असताना, अनोळखी माणसाने घरी येऊन ‘तुमचे ऐकणे चुकते’ असे सुचवले, तर घरधन्याने आपलेच म्हणणे घट्ट धरावे, यात नवल कसले? सासरा जावयापुढे वादात हरला असे कोणी पाहिले आहे काय? बाईंचे मोठेपण असे, की प्रयोग फसला ते त्यांनी लपवले नाही. फसलेल्या प्रयोगाचा निबंध लिहायला लागते ती छाती सर्वांपाशी नसते. फसलेली कादंबरी आम्ही सुधारून दुसऱ्या आवृत्तीला देतो.

त्याहून मोठेपण पुढच्या प्रयोगात आहे. बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या ‘जीविका’ या यंत्रणेला बरोबर घेऊन अलीकडे जे केले ते असे: ५८३ गावांतली १३,५०० हून अधिक किशोरवयीन मुले घेतली. मोठ्यांच्या घरी जाण्याऐवजी मुलांना वर्गात बसवले. तासाऐवजी १४ आठवडे दिले. पक्षाचे नाव काढले नाही. आजार, औषधे, लसी, घरगुती उपाय यांविषयीच्या बातम्या घेतल्या. म्हणजे आजोबांचा कडुलिंब. आणि या वेळी परिणाम दिसला. मुले खरे-खोटे अधिक चांगले निवडू लागली. चार महिन्यांनी पुन्हा पाहिले, तर शिकलेले टिकून होते. राजकारणातल्या ज्या बातम्यांचा वर्गात उच्चारही झाला नव्हता, त्याही त्यांना पारखता येऊ लागल्या. आणि सर्वांत कौतुकाची गोष्ट म्हणजे त्या मुलांच्या आईबापांची पारखही सुधारली. बापाला शिकवायला गेलेला तासाचा पाहुणा हात हलवीत परतला होता. तेच काम घरच्या पोराने केले.

हे वाचून माझ्या मनात हर्ष झाला, तसे दोन आक्षेपही आले. पहिला आक्षेप, हे सारे इंग्रजीत, विद्वानांच्या नियतकालिकात, आकड्यांच्या कोष्टकांत आहे. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या गयेच्या माणसाला, किंवा उद्या ज्याने हे शिकवावयाचे त्या साक्रीच्या मास्तराला, त्याचा पत्ता लागण्याचा मार्ग नाही. संदेश माणसांपर्यंत कसा पोहोचतो याचा अभ्यास करणाऱ्यांचाच संदेश माणसांपर्यंत पोहोचू नये, हा विनोद त्यांच्या लक्षात कसा येत नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा एक रकाना इंग्रजीत आणि शेजारी तोच मजकूर मराठीत छापला. त्यांच्यापाशी ना विद्यापीठ होते, ना अनुदान.

दुसरा आक्षेप कादंबरीकाराचा. आईबापांची पारख सुधारली, याला निबंधात आकडा आहे. पण ती सुधारली कशी? चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, संध्याकाळी चुलीपाशी किंवा गॅसपाशी बसलेली. बाप फोनवरचे मोठ्याने वाचून दाखवतो आहे. आपल्याकडे बापाला ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येत नाही. म्हटले तर आई डोळे वटारते. तरी त्या पोरीने काही तरी म्हटले असणार. ‘बाबा, हे कोणी लिहिले आहे?’ असे असेल. किंवा ‘सर म्हणाले, असे आले तर आधी डॉक्टरला विचारा’, असे मास्तराच्या नावावर खपवले असेल. किंवा काहीच न म्हणता फोन मागून घेऊन दुसरे काही दाखवले असेल. हजारो घरांत हजारो प्रकारांनी हे घडले, आणि ते सारे एका सरासरीत विरघळून गेले. त्याचप्रमाणे अमेरिकेतले ते नव्वद टक्के. ज्याने आलेली बातमी वाचली, अंगठा क्षणभर वर धरला आणि मग फोन उशाशी ठेवून दिला, त्याच्यावर या शास्त्रात प्रकरण नाही. पाठवणारा मोजला जातो, कारण त्याची खूण उरते. न पाठवणाऱ्याची खूण उरत नाही. राईनपाड्याच्या आसपासही असे कोणी तरी असणार, की ज्यांच्या फोनवर ती चित्रफीत आली आणि तेथेच थांबली.

पुढचा निबंध कोणी लिहिणार असेल, तर तो या माणसांवर लिहावा, आणि मराठीत लिहावा. तोवर आम्हा मास्तरांपाशी मराठीचा तास आहे. त्यात बातमीलेखन आहे, सारांशलेखन आहे, अपूर्ण गोष्ट पूर्ण करण्याचा प्रश्न तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. कराचीची ती चित्रफीत आठवीच्या वर्गात दाखवावी. मोटारसायकल पोराला घेऊन कोपऱ्यावर वळते तेथे थांबवावी. आणि मुलांना वह्या काढायला सांगून, पुढे काय झाले ते दहा ओळींत लिहायला सांगावे. मग राहिलेली फीत लावावी.